पक्ष्यांचे आवाज कोणी काढले? एक्झॉटिका संगीतामागची हरवलेली माणसे

रात्री काम करताना किंवा झोप यावी म्हणून मोबाइलवर तासभराची एखादी संगीतयादी लावून ठेवण्याची सवय आता अनेक घरांत रुळली आहे. या याद्यांतील संगीत नेमके कोण वाजवते, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो, कारण पडद्यावर एखादे नाव दिसते आणि त्या नावाचा माणूस शोधायला गेले तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही. यंत्राने बनवलेल्या संगीतामुळे ही शंका अधिकच वाढली आहे. मात्र वादकाला अदृश्य ठेवून केवळ 'वातावरण' विकण्याची ही रीत नवी नाही. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत तिच्यावर एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला होता. तो प्रकार समजून घेतला म्हणजे आजचा गोंधळही पुष्कळसा उलगडतो.

एक्झॉटिका म्हणजे काय?

एक्झॉटिका म्हणजे दूरदेशाचे, जंगलाचे, बेटांचे किंवा प्राचीन मंदिरांचे भास निर्माण करणारे, पण मुख्यतः अमेरिकन श्रोत्यांसाठी अमेरिकन कंपन्यांनी ध्वनिमुद्रित केलेले वाद्यसंगीत. १९५० ते १९६० च्या सुमाराचा काळ हा त्याच्या भराचा काळ होय. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढलेले लाखो सैनिक घरी परतले होते, हवाई बेटे १९५९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राज्य झाली, जेट विमाने तिकडे जाऊ लागली आणि दिवाणखान्यात स्टिरिओ यंत्र ठेवणे मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडू लागले. त्या यंत्रावर वाजवायला काहीतरी अद्भुत हवे होते.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या गाडीवर मिळणारी चायनीज भेळ डोळ्यांसमोर आणली, तर हा प्रकार चटकन ध्यानात येतो. ती चवदार असते, लोक आवडीने खातात, पण चीनमध्ये ती कोणी रांधत नाही. एक्झॉटिकाचेही तसेच होते. त्यात क्यूबाचे ताल, जाझचे स्वरमेळ, बर्मी घंटा, जपानी तंतुवाद्ये आणि पाश्चात्त्य व्हायोलिने एकाच पातेल्यात शिजत. हे मिश्रण वाईट होते असे मी म्हणणार नाही, कारण त्यातील कित्येक रचना आजही कान तृप्त करतात. भेळ कोणी कालवली, हे मात्र गिऱ्हाइकाला सांगितले जात नव्हते, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

एकच कव्हर, हात मात्र वेगळे

या प्रकाराला ज्याच्यामुळे नाव मिळाले तो अल्बम मार्टिन डेनी यांचा. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली जन्मलेले डेनी पियानोवादक होते, १९५४ मध्ये ते होनोलुलूला आले आणि पुढे 'हवाईयन व्हिलेज' या हॉटेलातील 'शेल बार'मध्ये आपल्या चौकडीसह वाजवू लागले. मंचाशेजारी एक लहान तळे होते. डेनी यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, एका रात्री वादन रंगात आले असता तळ्यातील बेडूक ओरडू लागले, वादन थांबले तसे तेही थांबले, आणि गंमत म्हणून साथीदारांनी पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याने 'ती पक्षी-बेडकांची रचना पुन्हा वाजवा' अशी फर्माईश केली.

ती रचना होती 'क्वाएट व्हिलेज'. तिचे मूळ संगीतकार लेस बॅक्स्टर यांनी ती १९५१ साली 'रिच्युअल ऑफ द सॅव्हेज' या अल्बमसाठी मोठ्या वाद्यवृंदाकरिता लिहिली होती. डेनी यांच्या चौकडीने तिला पियानो, कंपन पावणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे व्हायब्राफोन हे वाद्य, बास आणि बोंगो एवढ्यावर आणले आणि वर पक्षी सोडले. १९५९ मध्ये हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत पोहोचले आणि 'एक्झॉटिका' हा अल्बम अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

ते पक्षी बहुतांशी काढले ऑगी कोलोन यांनी. ते बोंगो वाजवत आणि त्याच वेळी घशातून, ओठांतून, शिट्टीतून पक्षी उडवत. कोलोन प्वेर्तो रिकन वंशाचे होते. हवाईतील हा समाज १९०० आणि १९०१ मध्ये उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी तिथे आणला गेला होता. व्हायब्राफोनवर आर्थर लायमन होते. १९३२ मध्ये हवाईत जन्मलेल्या लायमन यांच्या वंशात हवाईयन, फ्रेंच, बेल्जियन आणि चिनी रक्त मिसळलेले होते. लहानपणी त्यांनी बेनी गुडमन यांच्या जाझच्या तबकड्या लावून, त्यातील व्हायब्राफोनचे तुकडे लहानशा मरिंबावर, म्हणजे आपल्या काष्ठतरंगासारख्या वाद्यावर, घोटून घोटून बसवले होते. डेनी यांनी त्यांना हेरले तेव्हा ते एका हॉटेलात कारकुनी करत होते. श्रोत्याला जो 'बेटांचा आदिम नाद' वाटत होता, त्यामागे अमेरिकन जाझचा असा कसून केलेला रियाज होता.

पहिले ध्वनिमुद्रण १९५६ च्या डिसेंबरमध्ये झाले, तेही मोनो पद्धतीचे, म्हणजे सारा आवाज एकाच वाटेने येणारे. स्टिरिओचे वेड वाढल्यावर कंपनीने १९५८ मध्ये तोच अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतला. तोवर लायमन स्वतःचा संच काढून बाहेर पडले होते, त्यामुळे त्यांच्या जागी ज्युलियस वेक्टर हे वादक बसले. अल्बमचे नाव तेच, कव्हरवरील चित्र तेच, डेनी यांचे नाव तेच, पण पट्ट्यांवर पडणारे हात दुसऱ्याच माणसाचे. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकून पाहावीत. जुन्यातील व्हायब्राफोन जरा सैल, पाण्यावर तरंगल्यासारखा आहे, तर नव्यातील अधिक टापटिपीचा. आपले 'आवडते गाणे' नेमके कोणाचे, हे श्रोत्यांपैकी कित्येकांना कधी कळलेही नसेल.

कव्हरवरील स्त्रीचीही हीच गोष्ट. बांबूच्या पडद्याआडून पाहणारी ती तरुणी बेटावरची नव्हती. सँडी वॉर्नर या अमेरिकन मॉडेल डेनी यांच्या अनेक अल्बमवर झळकल्या आणि विषय बदलेल तसा त्यांच्या केसांचा रंगही बदलला. दर खेपेस देश निराळा असे, चेहरा तोच.

दिल्लीचा ब्राह्मण की मिसुरीचा मुलगा?

काहींचे नाव झाकले गेले, तर काहींना दुसऱ्याच नावाने जगावे लागले. भारतीय वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कथा 'कोर्ला पंडित' यांची आहे.

१९४९ मध्ये लॉस अँजेलिसच्या केटीएलए या दूरचित्रवाणी केंद्रावर पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम सुरू झाला. फेटा बांधलेला, फेट्याच्या मधोमध रत्न लावलेला एक देखणा तरुण हॅमंड ऑर्गनसमोर बसे. तो बोटांकडे पाहत नसे, कॅमेऱ्याच्या काचेतून सरळ प्रेक्षकाकडे पाहत असे, पापणीही सहसा हलू देत नसे. कधी एका हाताने ऑर्गन आणि दुसऱ्याने पियानो असे एकाच वेळी चाले. तो एक अक्षरही बोलत नसे. सुमारे ९०० भाग असे मौनात पार पडले. प्रसिद्धीपत्रकांत सांगितले जाई की त्याचा जन्म नवी दिल्लीत झाला, वडील ब्राह्मण आणि आई फ्रेंच गायिका.

'कोर्ला' हे नाव आपल्याकडे कुठल्याही प्रांतात ऐकू येत नाही, आणि दिल्लीचा पंडित रोज रत्नजडित फेटा बांधून वाद्यापुढे बसत नाही, हे कोणत्याही मराठी माणसाने क्षणात ओळखले असते. लॉस अँजेलिसमध्ये तेव्हा ते ओळखणारे थोडेच होते. या कलावंताचे खरे नाव होते जॉन रोलँड रेड. १९२१ साली मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे, एका कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरात त्याचा जन्म झाला होता. १९९८ मध्ये तो वारला तोवर जगाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. २००१ मध्ये लॉस अँजेलिसमधील एका मासिकाने ती उजेडात आणली. भावंडांना सारे माहीत होते आणि त्यांनी ते अर्धे शतक जपले.

असे का करावे लागले? त्या काळी अमेरिकेत वादकांची संघटनासुद्धा वर्णावरून विभागलेली होती. लॉस अँजेलिसमध्ये गोऱ्या वादकांची शाखा ४७ क्रमांकाची आणि कृष्णवर्णीयांची ७६७ क्रमांकाची. दोन्ही एक झाल्या १९५३ मध्ये. स्टुडिओ, नभोवाणी आणि मोठ्या हॉटेलांतील चांगली कामे बहुतेक पहिल्या शाखेकडे जात. रेड याने आधी 'हुआन रोलांदो' असे मेक्सिकन वाटणारे नाव घेऊन तो दरवाजा उघडला आणि नंतर तो भारतीय झाला. कृष्णवर्णीय माणसाला जे घर भाड्याने मिळत नव्हते, जे काम मिळत नव्हते, ते फेटा बांधलेल्या परदेशी माणसाला मिळत होते. एक फेटा एवढे बदलू शकत होता, ही वस्तुस्थिती मला त्याच्या सोंगापेक्षा कितीतरी अधिक विचार करायला लावते.

याच्या अगदी उलट दिशेने ढकलला गेला तो बोंगोवादक 'चायनो'. त्याचे खरे नाव लिऑन जॉन्सन. तो जन्माने फिलाडेल्फियाचा आणि वाढला शिकागोत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या त्याच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर मात्र लिहिले जाई की तो आफ्रिकेतील एका लुप्त जमातीचा एकमेव वाचलेला वंशज आहे. रेडला आपले कृष्णवर्णीय असणे लपवावे लागले, जॉन्सनला ते रानटीपणाचा मुलामा देऊन विकावे लागले. शहरात वाढलेला, कसबी, नोकरीसारखे नियमित वादन करणारा कृष्णवर्णीय अमेरिकन ही जी साधी खरी ओळख, ती दोघांच्याही वाट्याला आली नाही.

जी खरी होती, तिच्यावर संशय

पेरू देशातील गायिका इमा सुमाक यांच्या बाबतीत तर न्याय पुरता उलटा फिरला. त्यांचे मूळ नाव सोइला आउगुस्ता एम्पेरात्रिस चावारी देल कास्तियो, जन्म १९२२. चार सप्तकांहून अधिक पल्ल्याचा त्यांचा आवाज गर्जनेपासून पक्ष्याच्या किलबिलीपर्यंत कुठेही जाई. १९५० मध्ये लेस बॅक्स्टर यांच्या साहाय्याने त्यांचा 'व्हॉइस ऑफ द श्ताबाय' हा अल्बम निघाला आणि त्यांना इंका राजकन्या म्हणून पुढे आणले गेले. थोड्याच काळात अफवा पसरली की ही बाई पेरूची नाहीच, ब्रुकलिनची एमी कामस आहे, आणि इंग्रजी अक्षरे उलटी लावून तिने हे नाव बनवले आहे. मिसुरीचा मुलगा दिल्लीचा म्हणून खपला आणि पेरूची मुलगी ब्रुकलिनची ठरवली गेली.

सुमाक विस्मृतीत गेल्या असे म्हणता येत नाही. विस्मृतीत गेल्या त्या त्यांच्या मावस-चुलत नात्यातील बहीण चोलिता रिवेरो. सुमाक, त्यांचे पती व संगीतकार मोइसेस विवांको आणि रिवेरो असे तिघे १९४० च्या दशकात 'इंका ताकी' या त्रिकुटाच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी गात-वाजवत होते. राजकन्येच्या कथेत दुसऱ्या बाईला जागा नव्हती. १९४३ मध्ये सुमाक यांनी अर्जेंटिनात पेरूची लोकगीते ध्वनिमुद्रित केली होती, त्यांत जंगल नाही, गर्जना नाही, साधा वाद्यमेळ आहे. ती ऐकल्यावर हॉलिवूडने नेमके काय जोडले आणि काय गाळले, हे कानालाच कळते.

'पण सगळ्यांना पैसे मिळाले ना?'

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर हो असेच आहे: वादकांना ठरलेली बिदागी मिळाली. स्टुडिओत बोलावलेल्या वादकाला संघटनेच्या दराप्रमाणे तासांच्या हिशेबाने पैसे मिळत. फसवणूक झाली असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल.

मात्र बिदागी आणि स्वामित्वधन यांत फरक आहे. आंब्याची कलमे लावायला आलेल्या मजुराला त्या दिवसाची मजुरी मिळते, आणि पुढे वीस वर्षे बाग जे फळ देते ते मालकाचे. स्वामित्वधन म्हणजे ते दरवर्षीचे फळ. 'क्वाएट व्हिलेज' नभोवाणीवर लागले की त्याचा वाटा संगीतकार बॅक्स्टर आणि प्रकाशकाकडे जाई, कारण अमेरिकेत नेहमीच्या नभोवाणी केंद्रांनी वादकाला पैसे देण्याची पद्धत तेव्हा नव्हती आणि आजही नाही. गाणे लोकप्रिय झाले ते पक्ष्यांमुळे. पण पक्षी बॅक्स्टर यांच्या स्वरलिपीत नव्हते, ते कोलोन यांच्या गळ्यात होते. जे कागदावर होते ती कायद्याच्या दृष्टीने 'रचना' ठरली, आणि गळ्यातून आलेले 'काम' ठरले.

हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटू नये. मुंबईच्या स्टुडिओंत सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या कलावंतांनी वाद्यमेळ बांधला आणि वाजवला, पण तबकडीवर नाव राहिले संगीतकाराचे. मजोर्ड्याचे गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते एका चित्रपटातील पात्रामुळे.

'संगीतच बनावट, मग वादकांच्या नावांची काळजी कशाला?'

संगीतातील देश बनावट होता, वादन नव्हते, हे या प्रश्नाचे उत्तर. लायमन यांच्या संचाने होनोलुलूतील एका प्रचंड अॅल्युमिनियमच्या घुमटात ध्वनिमुद्रणे केली. बाहेरच्या रहदारीचा आवाज येऊ नये म्हणून मध्यरात्रीनंतर, आणि तुकडे न जोडता, सगळे एकत्र बसून. घुमटाचा घुमारा मोठा असल्याने प्रत्येक टोला कुठे विरणार याचा अंदाज ठेवून वाजवावे लागे. एका माणसाने घाई केली की सगळ्यांचे मुसळ केरात. १९६१ मध्ये त्यांचे 'यलो बर्ड' अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. ती चालही मुळात हैतीची, एकोणिसाव्या शतकातील संगीतकार मिशेल मोलेआर मोंतों यांची, पण ती आता कुणाचीच नसल्यासारखी ऐकली जाते.

आणखी एक उदाहरण मला फार प्रिय आहे. १९४७ च्या 'म्युझिक आउट ऑफ द मून' या अल्बममध्ये थेरेमिन हे वाद्य आहे, ज्याला स्पर्श न करता, दोन दांड्यांच्या जवळ हवेत हात हलवून सूर काढतात. एक हात स्वराची उंची ठरवतो, दुसरा आवाजाची. धरायला पडदा नाही, तार नाही, त्यामुळे हात केसभर ढळला तरी सूर बिघडतो. ते वाजवणारे सॅम्युअल हॉफमन दिवसा पायांच्या विकारांचे डॉक्टर होते. १९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावरून परतताना नील आर्मस्ट्राँग यांनी यानात याच अल्बमची ध्वनिफीत लावली. आर्मस्ट्राँग यांचे नाव पोरासोरांना ठाऊक आहे, पण त्या रात्री अवकाशात वाजणारे सूर कोणाच्या हाताचे होते हे फार थोडे सांगू शकतात. हॉफमन १९६७ मध्येच वारले होते.

भारतीयांनी रागवावे का?

आपल्या नावाने कोणी सोंग आणले याचा राग येणे स्वाभाविक आहे, आणि हा प्रकार एकदाच घडला असेही नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये 'लॉर्ड सितार' या नावाने अल्बम निघाला, तो वाजवला होता जिम सलिवन या इंग्रज गिटारवादकाने. मात्र दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. सलिवन यांना स्वतःच्या नावाने काम मिळत होते, ते टोपणनाव बाजारासाठी होते. रेडला स्वतःच्या नावाने तो दरवाजाच बंद होता. माझा राग रेडवर नाही. ज्या बाजाराला खरा भारत नको होता, खरा कृष्णवर्णीय वादकही नको होता, फक्त एक मौनी फेटा हवा होता, त्या बाजारावर तो आहे.

नावे सापडतात कुठे?

सुदैवाने पुष्कळ नावे पुरती पुसली गेलेली नाहीत. वादक संघटनेच्या नियमामुळे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा करारकागद भरावा लागे आणि त्यात प्रत्येक वादकाचे नाव, तास आणि रक्कम लिहिलेली असे. हिशेबासाठी ठेवलेले हे कागद आज इतिहासाचे सर्वांत भरवशाचे साधन झाले आहेत. १९९० च्या दशकात जुने अल्बम सीडीवर पुन्हा निघाले तेव्हा अभ्यासकांनी कागद चाळून आणि हयात वादकांना भेटून अनेक नावे आतल्या पुस्तिकेत छापली. रॉबर्ट ड्रॅसनिन यांच्या १९५९ च्या 'व्हूडू' या अल्बममध्ये पियानोवर बसलेला तरुण जॉन विल्यम्स, म्हणजे पुढे जगभर गाजलेला चित्रपट-संगीतकार, हे असेच लोकांसमोर आले. ॲपवर या पुस्तिका येत नाहीत. तिथे एक चौकोनी चित्र येते आणि त्याखाली एक नाव.

त्यामुळे 'क्वाएट व्हिलेज' लावायचेच असेल तर १९५६ चे मोनो ध्वनिमुद्रण शोधावे. पियानोचा तो खालचा, फिरून फिरून येणारा तुकडा सुरू होतो, त्याच्यावर व्हायब्राफोन पसरतो, तो आर्थर लायमन यांचा. बास जॉन क्रेमर यांचा. आणि मग वरून एक तीक्ष्ण, जरा खोडकर हाक येते, तो पक्षी म्हणजे ऑगी कोलोन.